हजार यार्ड, मोजका खिसा

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांना टार्गेटवरचा काळा ठिपका तेवढा दिसतो, त्यातली वर्तुळे दिसत नाहीत. ‘एफ-क्लास’ नावाच्या स्पर्धाप्रकारात १० गुण देणाऱ्या वर्तुळाचा व्यास १० इंच असतो, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढा. त्याच्या पोटात ५ इंचांचे आणखी एक वर्तुळ असते, त्याला ‘एक्स’ म्हणतात. गुण तेवढेच, पण दोघांची बरोबरी झाली की कोणाचे एक्स जास्त हे पाहतात. नेमबाज पालथा पडलेला, रायफलीचा पुढचा भाग बाईपॉडवर टेकलेला, वर लांबलचक दुर्बीण, आणि वीस गोळ्यांची एक फेरी. बघायला गेलेल्या माणसाला यात फारसे काही घडताना दिसत नाही. म्हणून तो हटकून एकच प्रश्न विचारतो: ही बंदूक केवढ्याला पडली?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर ऐकून या खेळाच्या खर्चाचा अंदाज येत नाही. पैसा इथे कुठे कामाला येतो आणि कुठे वाया जातो, हे कळायला आधी गोळीचा प्रवास पाहिला पाहिजे.

‘३०८ विंचेस्टर’ हे या खेळातले जुने, खात्रीचे काडतूस. त्यातली १७५ ग्रेनची, म्हणजे साधारण ११ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला २,६०० फुटांच्या वेगाने सुटते. हजार यार्ड गाठायला तिला पावणेदोन सेकंद लागतात आणि पोहोचेपर्यंत तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या जवळ उतरलेला असतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला तीस फुटांहून जास्त खाली खेचते. आकडा ऐकून नवखा घाबरतो. जुने नेमबाज मात्र याची चिंता करत नाहीत, कारण गुरुत्वाकर्षण काल होते तेवढेच आज असते आणि टार्गेटही हलत नाही. दुर्बिणीवरचे चाक ठरावीक खटके फिरवून ठेवले की तीस फुटांचा हिशेब मिटला. हवेच्या तापमानाप्रमाणे एखादा खटका इकडे-तिकडे, एवढेच.

खरी गोष्ट वाऱ्याची. ताशी १० मैलांचा आडवा वारा याच गोळीला हजार यार्डांवर सुमारे १०० इंच बाजूला नेतो. म्हणजे ताशी एका मैलाला १० इंच. मधोमध नेम धरलेल्या माणसाचा वाऱ्याचा अंदाज अर्ध्या मैलाने चुकला की गोळी १० च्या वर्तुळाच्या कडेवर, आणि एका मैलाने चुकला की थेट ९ च्या कडेवर. ताशी एक मैल वारा गालाला कळतसुद्धा नाही. शिवाय तो सगळ्या वाटेवर सारखा नसतो. नेमबाजाजवळ डावीकडून, मध्ये शांत, टार्गेटपाशी उजवीकडून असेही चालते. आता रायफलीचे पाहू. कारखान्यातून आलेली चांगली रायफल, चांगले काडतूस घातले तर, हजार यार्डांवर गोळ्या १० इंचांच्या आसपास जमवते. कारागिराकडून घडवून घेतलेली, तिच्या दोन-तीन पट किमतीची रायफल हा घोळका निम्म्यावर आणू शकते. हा फरक खरा आहे, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने त्यासाठी पैसे मोजावेत. पण जो अजून वाऱ्यात दोन-दोन मैलांनी चुकतो, त्याने ती किंमत मोजली तर त्याची चुकीची गोळी फक्त अधिक नेमकेपणाने चुकीच्या जागी जाईल.

रायफल स्वतःच्या बळावर किती नेमकी असू शकते, हे लोकांना १८६० मध्येच दिसले होते. त्या वर्षी २ जुलैला लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत पक्की बसवलेली होती आणि राणीने फक्त चापाला बांधलेली दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या टार्गेटच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली. दोरी ओढणाऱ्याच्या अंगी नेमबाजीचा लवलेश असण्याची गरज नव्हती. चौकट काढून घेतल्यावर जे उरते तोच हा खेळ.

त्या स्पर्धेतल्या मुख्य बक्षिसासाठी राणीने २५० पौंड दिले. ‘क्वीन्स प्राइझ’ (राजा गादीवर असला की ‘किंग्ज प्राइझ’) आजही होते, विम्बल्डनऐवजी इंग्लंडमधल्याच बिझ्ली इथे, अंतिम फेरी ९०० आणि १,००० यार्डांवर खेळली जाते, आणि बक्षीस अजून २५० पौंडच आहे. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात. आजच्या हिशेबाने त्या रकमेत एक नवी नळीसुद्धा बसवून होत नाही. मला हे बक्षीस न वाढवणे कंजूषपणाचे वाटत नाही. रक्कम एवढी किरकोळ ठेवल्याने तिच्यासाठी कोणी घरदार गहाण टाकत नाही, हा त्यातला शहाणपणा आहे.

बिझ्लीतल्याच एका चषकाशी आपले नाते आहे. ‘कोलापूर कप’ असे त्याचे नाव, इंग्रजी वळणाने लिहिलेले कोल्हापूर. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या राजाने दिलेला हा चषक १८७१ पासून खेळला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या संघाने तो जिंकला. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर अजूनही त्याच्यासाठी झगडतात.

बिझ्लीची १९३० सालची स्पर्धा आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाची. मार्जरी फॉस्टर या कोंबड्या पाळून उदरनिर्वाह करणाऱ्या बाईने त्या वर्षी किंग्ज प्राइझ जिंकले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. फरक एका गुणाचा होता आणि तो शेवटच्या गोळीवर ठरला. दुसरा आला तो लष्करातला अधिकारी. त्या काळी या स्पर्धेत सगळ्यांच्या हातात लष्करी नमुन्याचीच रायफल असे. ज्याची थैली जड त्याला जास्त चांगले हत्यार, अशी सोयच नियमांनी ठेवली नव्हती. कुक्कुटपालनाच्या कमाईवर ती सेनाधिकाऱ्याच्या बरोबरीने हजार यार्डांवर पालथी पडू शकली, त्यात तिच्या कौशल्याइतकाच या नियमाचा वाटा होता असे मला वाटते.

पुढे खेळ मोकळा झाला, दुर्बिणी आल्या, तरी पैशाला वेसण घालण्याचे प्रयत्न चालूच राहिले. एफ-क्लास ज्यांच्या नावावरून ओळखला जातो ते कॅनडाचे जॉर्ज ‘फार्की’ फार्क्वारसन. वय वाढले, नजर मंदावली, तरी पडून नेम धरता यावा म्हणून त्यांनी दुर्बीण आणि टेकू यांना परवानगी मागितली. आज त्याचे दोन उपप्रकार आहेत. ‘ओपन’मध्ये ८ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही काडतूस आणि १० किलोपर्यंत वजन चालते. इथे पैशाला मोकळे रान. ‘एफ-टीआर’मध्ये मात्र ३०८ विंचेस्टर किंवा २२३ रेमिंग्टन एवढीच दोन काडतुसे, पुढे बाईपॉड, आणि सगळे मिळून सव्वाआठ किलो. मोजक्या खिशाच्या माणसाने ओपनकडे कौतुकाने पाहावे आणि एफ-टीआरच्या रांगेत उभे राहावे.

याचे कारण नळीत आहे. दर गोळीमागे नळीचा आतला पृष्ठभाग जळतो, विशेषतः काडतूस बसते त्याच्या लगेच पुढे. ३०८ मध्ये दारू कमी आणि वेग बेताचा, म्हणून नळी साधारण ५,००० गोळ्या साथ देते. ‘६.५-२८४’सारखे भडक काडतूस वाऱ्याला जास्त दाद देत नाही हे खरे, पण ते हजार-दीड हजार गोळ्यांत नळी खाऊन टाकते. ओपनच्या शर्यतीत उतरलेले लोक नळीकडे गाडीच्या टायरसारखे पाहत नाहीत, इंधनासारखे पाहतात.

आता बेरीज करू. आकडे अमेरिकेतले घेतो, कारण हा खेळ सर्वाधिक लोक तिथे खेळतात. २०१५ मध्ये रुगर कंपनीने ‘प्रिसिजन रायफल’ १,३९९ डॉलर छापील किमतीला बाजारात आणली. लांब पल्ल्याची रायफल घडवूनच घ्यावी लागते, हा समज त्यानंतर फारसा टिकला नाही. सॅव्हेजने तर एफ-टीआरसाठी खास रायफल कारखान्यातूनच विकायला काढली, आणि तिची नळी घरच्या घरी थोड्या हत्यारांनी बदलता येते. पण स्पर्धेच्या दर्जाचे तयार ३०८ काडतूस दीड-दोन डॉलरला एक पडते. महिन्याला एक सामना, त्यात साठ-सत्तर गोळ्या आणि सरावाला तेवढ्याच धरल्या तर वर्षाला दीड हजार. दीड डॉलरने सव्वादोन हजार डॉलर. पहिल्याच वर्षी काडतुसांनी रायफलीला मागे टाकले. एक नळी झिजेपर्यंत त्यांचे साडेसात हजार होतात. प्रेक्षकाचा प्रश्न अपुरा का, ते इथे दिसते.

ही गळती थोपवायची म्हणून लोक काडतुसे घरी भरतात. पितळी केस चांगल्या प्रतीची असली तर पुन्हापुन्हा वापरता येते. तिला पुन्हा आकारात आणायचे, नवी प्रायमर बसवायची, मोजून दारू घालायची, गोळी दाबायची. ३०८ ला ४४ ग्रेनच्या आसपास दारू लागते आणि एका पौंडात ७,००० ग्रेन येतात, म्हणजे एका डब्यात दीडशेहून जास्त काडतुसे. यात पैसे वाचतात असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात वाचलेल्या पैशांत ते जास्त गोळ्या झाडतात, असा माझा अंदाज आहे. भरण्याचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. गोळीच्या सुरुवातीच्या वेगात सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तर हजार यार्डांवर ती साडेतीन इंच वर किंवा खाली जाते. दहा इंचांच्या वर्तुळात हे चालण्यासारखे नाही. दारू काटेकोर तोलणारा माणूस हा फरक हाताने कमी करतो. त्याला पैसे कमी लागतात, वेळ मात्र खूप लागतो.

काडतुसाच्या खर्चाचा विचार करूनच एक काडतूस जन्मालाही आले. ‘६.५ क्रीडमूर’. त्याच्या नावामागे मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचे नेमबाजीचे मैदान १८७३ मध्ये सुरू झाले. (आज त्या जागेवर मनोरुग्णालय आहे. नेमबाजांच्या बायकांनी यावर काय म्हटले असेल ते सोडून देऊ.) पुढच्या सप्टेंबरमध्ये तिथे आयर्लंड आणि अमेरिका असा सहा-सहा जणांचा सामना ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर झाला. आयरिश संघ त्या वेळी जगात अव्वल, हातात रिग्बीच्या तोंडाने भरायच्या रायफली. अमेरिकनांकडे लांब पल्ल्याची रायफलच नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या कंपन्यांनी त्यासाठी मुद्दाम मागून भरायच्या रायफली बनवल्या. सामन्यात आयर्लंडच्या मिल्नरची एक गोळी अगदी मध्यावर लागली, पण शेजारच्या टार्गेटच्या. गुण शून्य. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल बोडाइनची होती. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. रक्ताळलेल्या हाताला रुमाल गुंडाळून त्याने गोळी झाडली ती मध्यावर. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. उत्तम हत्यार आणि उत्तम नेम असूनही दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी घालण्याची ही चूक आजही दर मोसमात कोणी ना कोणी करतोच.

२००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीचे डेव्ह एमरी आणि स्वतः अव्वल नेमबाज असलेले डेनिस डीमिल यांच्या चर्चेतून आलेल्या काडतुसाला क्रीडमूरचे नाव दिले गेले. त्यांची मागणी साधी होती. कारखान्यातले काडतूस विकत घेऊन थेट सामन्यात उतरता यावे, नळी लवकर जळू नये, आणि ज्याला घरी भरायचे असेल त्याला दारूचे प्रमाण खोक्यावरच छापून मिळावे. वाऱ्यात त्याची गोळी ३०८ च्या पाऊणपट ढळते. एफ-टीआरमध्ये ते चालत नाही, पण जिथे चालते तिथे नवख्याने दुसरे काही शोधू नये.

दुर्बिणीबाबत मात्र काटकसर करू नये, असे माझे मत. ती फार मोठे दाखवणारी नसली तरी चालेल. चाक चाळीस खटके वर नेऊन परत चाळीस खाली आणले की ती पहिल्याच जागी आली पाहिजे. हे न जमणारी स्वस्त दुर्बीण माणसाला वर्षभर स्वतःच्या नेमावर शंका घ्यायला लावते. शंभर यार्डांवर उंच कागद लावून, त्यावर ओळंब्याने उभी रेघ ओढून हे अर्ध्या तासात तपासता येते. दुर्बीण बसवायची पट्टी पुढे किंचित उतरती घ्यावी. नाहीतर तीस फुटांचा पल्ला गाठण्याआधीच चाक संपते.

आणि वारा? तो फुकट आहे, शिकवणी मात्र गोळ्यांच्या भावाने. तो वाचायला झेंडे असतात, पण खरी माहिती मृगजळातून मिळते. दुसरी दुर्बीण टार्गेटच्या थोडी अलीकडे रोखली की तापलेल्या जमिनीवरच्या हवेच्या लाटा वाहताना दिसतात. तिरक्या रेषा म्हणजे हलका वारा, आडव्या धावणाऱ्या म्हणजे जोराचा. लाटा सरळ वर उकळू लागल्या की वारा बंद पडला आहे किंवा दिशा बदलतो आहे, आणि तेव्हा चापावरचे बोट काढून घेणे बरे. दिशेचाही हिशेब असतो. पूर्ण आडव्या वाऱ्याचा परिणाम शंभर टक्के, समोरून ३० अंशांच्या तिरक्याचा निम्मा. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, वापरायला वर्षे जातात.

ती वर्षे स्वस्तात काढायची वाट म्हणजे ‘२२ लाँग रायफल’. बारीक, ४० ग्रेनची, ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाची गोळी. २०० यार्डांवर वारा तिला कोनाच्या मापात जेवढा हलवतो, तेवढा ३०८ च्या गोळीला ७००-८०० यार्डांवर हलवतो. म्हणजे दोनशे यार्डांच्या मैदानात लांब पल्ल्याचा वारा शिकता येतो आणि काडतूस तयार ३०८ च्या अगदी थोड्या भावात मिळते. नळी तर पिढ्यान् पिढ्या टिकते. इथे एक गंमत आहे. जास्त वेगाचे २२ काडतूस वाऱ्यात कमी ढळेल असे वाटते, पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो. त्यामुळे वेगवान गोळी जास्त वेग गमावते आणि संथ गोळीपेक्षा जास्त वाहवते. सामन्याचे संथ काडतूस घ्यावे. ‘एनआरएल२२’ ही अमेरिकी स्पर्धामालिका २०१७ पासून याच विचाराने चालते. दर महिन्याचा कार्यक्रम सगळ्या क्लबांना सारखा, अंतर १०० यार्डांपर्यंत, आणि पायाभूत गटात रायफल व दुर्बीण मिळून किमतीची कमाल मर्यादा. मार्जरी फॉस्टरच्या काळातला नियम असा नव्या वेषात परत आला.

आपल्याकडे नागरी नेमबाजीचा मुख्य प्रवाह १०, २५ आणि ५० मीटरचा. हजार यार्ड आपल्याला परके असले तरी ५० मीटरला हेच २२ काडतूस आणि हाच वारा असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांनी जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, रेल्वेत नोकरी करणारे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. जिल्हा तोच, कोलापूर कपवाला.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला क्लबात जावेसे वाटले तर पहिल्या दिवशी रायफल विकत घेऊन जाऊ नये. बहुतेक जुन्या मैदानांवर टार्गेटखालच्या खंदकात काम करायला माणसे हवी असतात. गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचे, भोकावर चकती लावायची, पुन्हा वर चढवायचे. स्पर्धक आळीपाळीने हेच करतात म्हणून प्रवेश शुल्क आटोक्यात राहते. तिथे दोन-चार तास घालवले की कोणाच्या गोळ्या आडव्या पसरतात आणि कोणाच्या उभ्या, हे दिसते. आडव्या पसरणाऱ्याला वारा कळत नाही, उभ्या पसरणाऱ्याचे काडतूस किंवा श्वास बिघडलेला असतो. मग वर येऊन त्यांच्याशी गप्पा माराव्यात. त्यातला कोणीतरी पुढच्या मोसमात नवी रायफल घेणार असतोच, कारण दोन गुण कमी पडल्याचे खापर त्याने जुनीवर फोडलेले असते. ती जुनी निम्म्या किमतीत मिळते. घ्यावी. दुर्बीण तपासून घ्यावी. नळीतून किती गोळ्या गेल्या ते मात्र त्याच्या वहीत पाहावे, आणि त्याने वही ठेवली नसेल तर नव्या नळीचे पैसे किमतीतून वजा करून मगच सौदा करावा.